वरचं माप

मी एक जुनी छोटी मोटार आहे. रंग कधीकाळी लाल होता. आता तुम्ही विटकरी म्हणालात तरी मी रागावणार नाही. सध्या माझा मुक्काम उलव्याला असतो. पण मित्रांनो, माझा जीव अजून खांदेश्वरात, सयाजीकाकांपाशी घुटमळतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पहिले मालक एक डॉक्टर. नवी गाडी आली तसे ते मला विसरले. मग सयाजीकाकांनी मला घेतलं. मूळचे साताऱ्याकडचे, कांदा-बटाटा बाजारात पस्तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिलेला माणूस. पहिल्या दिवशी सीटवर बसले, हळूच पाठ टेकवली आणि सत्यभामाकाकूंना म्हणाले, "जल्मभर मी वझं वाहिलं. आता ही मला वाहतीया बघ!"

एवढं माझं कौतुक कुणीच केलं नव्हतं हो! आठ वर्षं मी त्यांना कुठेही अडवलं नाही, साताऱ्याच्या घाटातसुद्धा.

दर शनिवारी काका माझं बॉनेट उघडत. तेल मोजायची दांडी काढून गळ्यातल्या पंचाने पुसत, पुन्हा बुडवत आणि उन्हात धरून बघत. तेल खुणेखाली दिसलं की भरत, आणि वर आणखी थोडं घालत. बाजारात तोलून झाल्यावर वर मूठभर घालायची रीत असते ना, तीच. "वरचं माप, बाई. उपाशी राहू नगंस," म्हणत.

तेव्हा मी मैदानाकडेला सपाट जागी उभी असायचे, म्हणून ते चमचाभर जास्तीचं तेल खपून जायचं. मग काका नव्या सोसायटीत राहायला गेले आणि माझी जागा आली उतारावर. नाक वर, शेपूट खाली. पोटातलं तेल मागे जायचं आणि पुढे असलेली दांडी कोरडी निघायची. काका हळहळायचे, "आगं, पुन्यांदा कमी?" भरायचे, आणि वरचं माप घालायचे. शनिवारमागून शनिवार गेले. मी तर तेलाने तुडुंब झाले होते!

पोटात मावेना तेव्हा ते तेल फेसाळलं, नळीतून वर चढलं आणि मी जिथून श्वास घेते त्या हवेच्या डब्यात शिरलं. मला धाप लागली. मागून निळसर धूर निघू लागला. सोसायटीतले लोक नाकाला रुमाल लावू लागले. मला तोंड असतं तर ओरडले असते, "काका, पुरे!" पण मला येतो फक्त धूर.

काकांनी मला श्यामसुंदर मेकॅनिककडे नेलं. त्याने हवेचा डबा उघडला. फिल्टर तेलाने चिंब. त्याने विचारलं, "काका, तेल बघता का?"

"तर! दर शनिवारी. कमीच असतंय. भरतो की मी."

झालं! काकांच्या खऱ्या बोलण्यानेच माझा घात केला. श्यामसुंदरने मान हलवली. "म्हणजे तेल खाते. पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन संपलं. टेन्शन घेऊ नका, विकून टाका." दांडी त्याने स्वतः काढून पाहिलीच नाही. गिऱ्हाईक एवढं ठामपणे सांगतंय, मग कोण बघतो?

मला विकत घेणारा उलव्याचा हरेश न्यायला आला तेव्हा काका खाली उतरलेच नाहीत. गॅलरीत पाठ करून उभे होते. ती वाकलेली पाठ मी ओळखली.

हरेशने मला अंगणात, सपाट फरशीवर उभं केलं, रात्रभर निवू दिलं आणि सकाळी दांडी काढली. तेल खुणेच्या चार बोटं वर! त्याने खालचा बोल्ट सोडून जास्तीचं तेल काढलं, नळी पुसली, फिल्टर नवा घातला. धूर आठवड्यात थांबला. मग त्या भल्या माणसाने फोन लावला, "काका, गारीला काय पन झाला नवता. त्याल जास्त व्हता."

काका दुसऱ्याच दिवशी आले. सगळं ऐकून माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "म्हंजी मीच गं?" एवढंच म्हणाले. हरेश म्हणाला, "काका, परत न्या तुमची गारी." काकांनी मान हलवली. "नगं. तिथं उतारच हाय. आन् हात माझाच."

जाताना त्यांनी दांडी काढली, पंचाने पुसली, बुडवून पाहिली. तेल अगदी खुणेवर होतं. उजवा हात सवयीने बाजूला गेला, डबा शोधायला. मग तो त्यांनी मागे घेतला. "बरोबर हाय," म्हणाले, आणि बॉनेट अलगद लावलं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आपलं माणूस असो की माझ्यासारखी जुनी गाडी, धाप लागलेली दिसली तर 'संपलं' म्हणू नका. आधी सपाट जागी उभं करा आणि स्वतः दांडी काढून बघा. आणि शनिवारी कुणी पंचा घेतलेले म्हातारबाबा उलव्यात दिसले, तर त्यांना सांगा की मी उपाशी नाही.