पदकाची कड

माणदेशात हंडाभर पाण्यासाठी बाया कोसभर चालायच्या. त्या मुलखातला आकाराम विरकर दहा वर्षं समुद्रावर राहून आला, ही गोष्ट गावाला कधी पचली नाही. गाव सगळं पायदळातलं, सुभेदार-हवालदारांना तिथं तोटा नाही. त्यात हा एकटा नेव्हीतला, म्हणून गावानं त्याचं नाव पाडलं दर्याबुवा. एकाहत्तरच्या लढाईत तो जहाजाच्या पोटात बॉयलरवर होता. वर तोफा वाजत असताना खाली आग विझू द्यायची नाही, एवढंच त्याचं युद्ध. शत्रू दिसला का, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "मला आबाळ बी दिसलं न्हाई." दहा वर्षं भरली तसा पेन्शन बसायच्या आधीच सुटून आला आणि बापाची मेंढरं घेऊन डोंगराला लागला.

हा पंचाहत्तरीचा माणूस यंदा माघी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी अंगणात तोंड धुता धुता पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दहिवडीच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पहिले सहा महिने मोलाचे. मोठ्या दवाखान्यात ठेवा, रोज हातापायाचा व्यायाम, रोज बोलण्याचा सराव. या मुदतीत परत येईल ते आपलं, पुढं सगळं खडकावरची पेरणी.

त्याच्या बायकोला, हरणाबाईला, त्याचे पाय नको होते की हात नको होता. बाज धरून बसला तरी तिची तक्रार नव्हती. त्यानं बोलावं, एवढंच तिला हवं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याच्या बडबडीला ती कंटाळली होती, आणि आता घरात भांड्यांचा आवाज सोडला तर काही उरलं नव्हतं. तानाजी, तिचा मुलगा, मुंबईत गोदामावर हमाली करून पाठवता येईल ते पाठवत होता, पण मोठ्या दवाखान्याला ते पुरणारं नव्हतं. तेल-मालिश झाली, बिरोबाचा भंडारा लावून झाला, आणि बघता बघता आषाढ आला. श्रावणी पुनवेला मुदत संपत होती.

तेवढ्यात नात सृष्टी सुट्टीला आली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असल्यानं तिला चार गोष्टी कळत होत्या. लढाईत असलेल्या नाविकांना, पेन्शन नसली तरी, लष्कराच्या दवाखान्यात उपचार मिळतात, असं तिनं शोधून काढलं आणि आजीला घेऊन साताऱ्याचं माजी सैनिकांचं ऑफिस गाठलं.

टेबलापलीकडचे साहेब निवृत्त सुभेदार होते. माणूस भला. आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला, मग कागद विचारले. सेवापुस्तक म्हणून सृष्टीनं पिशवीतून मातीचा एक गोळा काढला. वाळवीनं ट्रंकेत पुस्तकाचं वारूळ केलं होतं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, नंबर सांगा, बाकीचं मुंबईचं रेकॉर्ड ऑफिस बघून घेईल. शिपाई एकवेळ बायकोचं नाव विसरेल, नंबर विसरत नाही. सृष्टीनं आजोबांची वाचा गेल्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पदक आणा. लढाईचं पदक मिळालं असणारच. त्याच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं."

हरणाबाईनं अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

"ते हरवलंय सर," सृष्टी म्हणाली. "मी लहान होते तेव्हापासून आजी सांगते."

साहेबांनी मान हलवली. नुसत्या नावावरून शोध घ्यायचा म्हणजे जुनी रजिस्टरं हातानं चाळायची, चार-पाच महिने सहज जातील. अर्ज त्यांनी तिथल्या तिथं लिहून घेतला, पण आशा काही लावली नाही. एस.टी.त बसल्यावर हरणाबाई खिडकीकडं तोंड करून बसली. सृष्टीला वाटलं, आजीला गाडी लागली.

पदक हरवलं नव्हतं. तानाजी सहा महिन्यांचा होता त्या वर्षाची ही गोष्ट. सासू रंगूबाई वारली होती, वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं, आणि आकाराम मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. तान्हं पोर तापानं फणफणत होतं. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी निकाल दिला की रंगूबाई देवघरात बसली नाही म्हणून पोराला धरतीय. तिचा टाक करा, चांदीच्या पत्र्यावर तिची मूर्त उठवून देवात ठेवा, म्हणजे ती शांत होईल. घरात चांदी म्हणावी तर हरणाबाईच्या पायात जोडवीसुद्धा पितळेची. ट्रंकेत मात्र एक पांढरंशुभ्र गोल पदक होतं, सरकारच्या तीन सिंहांचं. सरकार काय खोटं देईल? पोराच्या जिवापुढं तिला काही दिसलं नाही. ती म्हसवडला जाऊन ते सोनाराला देऊन आली आणि टाक घेऊन आली. पोराचा ताप उतरला. चार महिन्यांनी नवरा आला तेव्हा ती म्हणाली, उंदरानं कुठं ओढून नेलं कुणास ठाऊक.

आकारामानं सगळं घर उकरलं, अगदी चुलीची राखसुद्धा चाळली. नंतर त्यानं विषय काढला नाही. दर पंधरा ऑगस्टला मात्र शाळेच्या पटांगणात गावचे फौजी छातीला पदकं लावून पुढच्या रांगेत उभे राहायचे आणि दर्याबुवा मागं, साध्या सदऱ्यात. हरणाबाई ते दरसाल बघायची. दरसाल तिच्या जिभेवर यायचं आणि दरसाल ती गिळायची.

साताऱ्याहून आल्यावर सृष्टीनं आजोबांपुढं वही धरली. नंबर बोटांनी दाखवा म्हणाली. आकारामाचे डोळे एकदम चमकले. त्याला सगळं समजत होतं. त्यानं डावा हात वर केला. तीन बोटं, मग पाच. सृष्टीनं लिहून घेतलं आणि खात्रीसाठी पुन्हा विचारलं, तर आधी पाच, मग दोन. तिसऱ्यांदा बोटं उघडली ती मिटेनात. त्यानं स्वतःच्या हाताकडं परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि मूठ बाजेवर आपटली. तिनं वही मिटली.

दुसऱ्या दिवशी हरणाबाईनं देवातला टाक पदरात बांधला, नातीला सोबत घेतलं आणि वाटेत तिला सगळं सांगून टाकलं. सृष्टीनं आजीचा हात धरला.

म्हसवडचा म्हातारा सोनार कधीच गेला होता. दुकानात त्याचा मुलगा होता, तोही आता सत्तरीला टेकलेला. हरणाबाईनं टाक त्याच्यापुढं ठेवला.

"ह्याच्यात नंबर वितळलाय माझ्या मालकाचा. त्यो परत काढता येतोय का बघा."

सोनारानं टाक उलटसुलट केला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाला, "वहिनी, टाक आमच्या चांदीचा आहे. ते पदक चांदीचं नव्हतंच."

त्याच्या बापानं ते तेव्हाच ओळखलं होतं. पण लढाईवरून आलेल्या माणसाला सरकारनं दिलेली वस्तू चांदीची नाही, हे तापलेलं पोर काखेत घेऊन आलेल्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यानं पदरची चांदी घालून टाक करून दिला. पदक मोडायला सिंहांची भीती वाटली आणि टाकायला जीव झाला नाही, म्हणून ते जुन्या वजनांच्या डब्यात ठेवून दिलं. बोलता बोलता मुलानं तो डबा काढला, पालथा केला, आणि मापांच्या ढिगातून पदक निघालं.

हरणाबाईनं बिरोबाचं नाव घेतलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सृष्टीनं पदक घेतलं, सोनाराचं भिंग लावलं आणि कड फिरवत फिरवत बघायला लागली. इंग्रजीत विरकर एवढं नाव होतं. त्याच्या अलीकडं, नंबर असायला हवा होता तिथं, कड नखासारखी गुळगुळीत होती.

"कस बघायला बाबांनी कडेला कानस मारली असणार," सोनार खाली बघत म्हणाला. "चांदी आहे का ते बघायला आम्ही कडच घासतो."

सृष्टीनं साताऱ्याला फोटो पाठवला. साहेबांनी लगेच फोन केला. पदक सापडलं याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता, आणि नंबर नसला तर वेळ तेवढाच लागणार, हेही त्यांनी तितक्याच मायेनं सांगितलं. श्रावणी पुनवेला अठरा दिवस उरले होते.

घरी आल्यावर हरणाबाईनं पदक नवऱ्याच्या डाव्या तळव्यावर ठेवलं. आकारामानं ते लगेच ओळखलं. गालावरून पाणी ओघळलं, ते पुसायला त्याचा दुसरा हात उठला नाही. अंगठा सिंहांवरून फिरला, मग कडेवर आला, नावावरून हळूहळू मागं सरकला आणि गुळगुळीत जागेवर थांबला. तिथंच मागंपुढं होत राहिला. मग त्यानं मान वर करून बायकोकडं बघितलं.

ती बाजेशी खाली बसली. "उंदरानं न्हाई नेलं," ती म्हणाली. "म्या दिलं हुतं सोनाराला. तानाजी तापला हुता. म्या खोटं बोलले तुमच्याशी."

त्याचं तोंड उघडलं. तो रागावला होता की समजूत घालत होता की नंबरच सांगत होता, काहीच कळायला मार्ग नव्हता. नुसतं आ, आ, एवढंच. त्यानं एक शिवी हासडली असती तरी हरणाबाईला ती औषधासारखी लागली असती. सृष्टीनं घाईघाईनं वही उघडून पेन धरलं. हरणाबाई त्याच्या ओठांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बोला की वं. कायबी बोला."