अक्षय्य तृतीयेचं विसर्जन

आमच्या कंपनीत सपोर्टवाल्यांना दोनदाच बोलावतात. एकदा पूजेला नारळ वाढवायला आणि एकदा लागलेली आग विझवायला. मधल्या काळात आम्ही आहोत हे फक्त चहावाल्याला ठाऊक असतं.

मी शामला, सपोर्टची मुख्य. लष्कर नावाच्या पेठेत एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे आणि दाल बाजारातल्या व्यापाऱ्यांची बिलं आमच्या प्रोग्रॅमवर निघतात. मालक जगदेवराव. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून इकडे उत्तरेत तलवार घेऊन आले होते, हे पंचांग घेऊन लढतात. नव्या प्रोग्रॅमसाठी त्यांनी अक्षय्य तृतीया काढली. माझ्या तन्वीचा साखरपुडाही त्याच दिवशी होता. चांगला मुहूर्त सगळ्यांनाच लागतो.

माझ्या ध्रुवच्या मुंजीत मातृभोजनाचं ताट समोर आलं आणि ऑफिसचा फोन वाजला. मी दाराशी उभी राहून एका व्यापाऱ्याला कुठलं बटण दाबायचं ते सांगत होते, आणि माझा लेक एकटाच जेवला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तन्वीनं बजावलं होतं, "आई, इस बार फोन नहीं. तू माझ्या शेजारी बसणार, बस."

नव्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच मीटिंगला मी न बोलावता जाऊन बसले होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा मुख्य हेमेंद्र. तो गोड हसून म्हणाला, "ताई, तुमचं काम तर बाद में ना? आधी बनू तर द्या." बाळंतपण उरकल्यावर सुईणीला निरोप धाडायचा, अशी ही पद्धत. मी उठून आले.

पूजेच्या आठवड्यात पुन्हा गेले. म्हटलं, त्या दिवशी बाजारात लग्नघरांची झुंबड असते, एखादा साधा दिवस निवडा.

"झुंबड आहे म्हणूनच तर," जगदेवराव म्हणाले. "सगळ्यांच्या हातून एकदम शुभारंभ."

"आणि बंद पडला, तर जुन्यावर परत कसं यायचं?"

"शुभ बोला ना, ताई," हेमेंद्र म्हणाला.

जगदेवरावांनी कानांवर हात ठेवले. "निघणाऱ्याला मागून हाक मारतात का?"

एवढ्यावर थांबतील ते जगदेवराव कसले. एका देव्हाऱ्यात दोन गणपती ठेवत नाहीत, म्हणून पूजा झाली की जुना प्रोग्रॅम पुसून टाकायचा, असं ठरलं. नव्याची चाचणी हेमेंद्रनं आपल्या लॅपटॉपवर घेतली होती. तूरडाळीच्या एका पोत्याचं बिल अगदी सुरेख निघालं म्हणे.

मी वाद घातला नाही. माझ्या हाताखालच्या सोनलला बसवलं, जुन्याची नक्कल वेगळ्या कॉम्प्युटरवर ठेवली आणि तो पुन्हा चालू कसा करायचा याची तालीम केली. मला न विचारता तिला जमेपर्यंत मी सोडलं नाही. साखरपुड्याच्या सकाळी सपोर्टचा फोनही तिच्या हातात दिला आणि हॉलवर आले.

तन्वी पाटावर बसली, शेजारी मी. गुरुजी संकल्प सांगत होते, तेवढ्यात ऑफिसची पूजा उरकून पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या जगदेवरावांचा फोन वाजला. ते वाकत वाकत माझ्यापाशी आले.

"शामलाताई, बाजारात एकाचंही बिल निघत नाहीये. जरा उठता का?"

तन्वीनं माझा पदर धरला.

"जुना सोनलकडे आहे," मी म्हटलं. "हेमेंद्रला तिच्याकडे पाठवा. ती सांगेल तसं करू दे."

"पण त्याचं तर विसर्जन झालं."

"एक मूर्ती मी घरात ठेवली होती."

त्यांचा चेहरा पडला. "आजच्या दिवशी मागे जायचं म्हणजे..."

"मग 'जातो' म्हणू नका. 'येतो' म्हणा."

ते फोन घेऊन दाराकडे गेले. थोड्या वेळानं तिथूनच त्यांचा आवाज आला, कुण्या पाहुण्याला सांगत होते, "निघायला लागली बिलं. मुहूर्तच बलवत्तर, साहेब. हेमेंद्रनं निभावून नेलं." सोनलचं नाव त्यात कुठे नव्हतं. उद्या त्यांना ते ऐकवायचंच, असं मी ठरवून टाकलं.

गुरुजींनी खूण केली. जावयानं अंगठी उचलली, तन्वीनं हात पुढे केला आणि सवयीनं दाराकडे पाहिलं. तिथे जगदेवराव फोन कानाला लावून उभे होते.

"इकडे बघ," मी म्हटलं.