शाहापासून लाल बॅगेपर्यंत

मी चेक बोलतोय. बँकेत वटतो तो कागद नव्हे. तो माझ्याच घराण्यातला, पण त्याची ऐट वेगळी. मी क्रियापद. इंग्रजांचं. कुलूप लावून चार पावलं गेल्यावर तुम्ही परत येऊन ते ओढून बघता ना, तो मी.

हा खरं बोलतोय की थापा मारतोय, असं तुमच्या मनात आलंच असेल. येऊ द्या. संशयावरच माझं पोट आहे.

जन्म मात्र माझा संशयातला नाही. फारसी मुलखात, बुद्धिबळाच्या पटावर मी जन्मलो. राजा कोंडीत सापडला की खेळणारा समोरच्याला मोठ्यानं सांगायचा, 'शाह!' तुझा राजा धोक्यात आहे, सांभाळ. तोंडावर, ऐकू जाईल असं. तुमचा 'शह' माझा भाऊच; तो जवळच्या वाटेनं तुमच्याकडे आला. मी अरबांकडून फ्रेंचांकडे, तिथून इंग्रजांकडे असा लांबून आलो. वाटेत माझा अर्थ बदलत गेला. आधी धोक्याची हाक, मग अडवणं, मग नीट आहे ना हे बघून घेणं. इथं पोचलो तेव्हा भावानं मला ओळखलंसुद्धा नाही.

मराठीत मला एकट्यानं चालता येत नाही. 'कर'चं बोट धरावं लागतं. पण काम भरपूर. नसरापूरला वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपच्या, टायरची हवा माझ्यामुळे बघितली जाते. उत्रोलीत भात वाळलं का, हे बघायला दाणा दाताखाली धरतात. 'कट' वाजला तर वाळलं, चेपला तर अजून ऊन हवं. हा माझा अगदी रास्त वापर. दाण्याला राग येत नाही.

माणसाला येतो.

उत्रोलीतच चंद्राबाईंच्या घरी मला उसंत नसते. "वैष्णवी, ग्यास चेक केलास?" "केला, आत्या." "कडी?" "केली." मग चंद्राबाई स्वतः उठून गॅस बघतात, कडीही बघतात. वैष्णवी त्यांची नवी सून. पानशेतकडची, दोन महिन्यांपूर्वी आलेली. बोलते कमी, बघते जास्त.

तिनं बघितलं ते असं. कपाटावर तिची माहेरची लाल बॅग. आत चार चांगल्या साड्या आणि कॉलेजचे कागद. ती रोज चेन पूर्ण लावून खळ्यावर जायची आणि परत यायची तेव्हा चेन बोटभर उघडी. मग तिनं चेनीत हिरवा दोरा अडकवून ठेवला. संध्याकाळी दोरा खाली फरशीवर.

"माझी बॅग कोण उघडतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

स्वरूप ड्युटीला निघाला होता. "उंदीर असंल."

"उंदराला चेन उघडता येते?"

"आमच्याकडचं उंदीर लई हुशार," म्हणत तो हसत गाडीला किक मारून गेला.

ती हसली नाही. त्या दिवसापासून ती प्रत्येकाचे हात बघू लागली. मी तिच्या मनात रात्रंदिवस राबत होतो, तोंडातून मात्र एकदाही बाहेर पडलो नाही. माझा सगळ्यात वाईट वापर हाच. तिनं मनाशी ठरवलं होतं, आणखी एकदा दोरा पडला की बॅग उचलायची आणि सकाळच्या एसटीनं माहेर गाठायचं.

चौथ्या दिवशी ती खळ्यावरून दुपारीच परतली. दारातून बघते तर चंद्राबाई स्टुलावर उभ्या, हात बॅगेत कोपरापर्यंत.

आणि मी मोठ्यानं बाहेर पडलो.

"आत्या, काय चेक करताय?"

चंद्राबाईंनी हात काढला नाही. "साड्या."

"चोरीच्या वाटल्या?"

"न्हाई गं." त्या बॅग मांडीवर घेऊन स्टुलावरच बसल्या. "चारच्या चार हायेत का, ते बघती. एक तरी कपाटात गेली का. दोन म्हैनं झालं, कप्पा रिकामा, बॅग भरलेली."

वैष्णवीनं कपाटातल्या रिकाम्या कप्प्याकडे बघितलं.

"थोरल्या सुनंची, मायाची बी बॅग अशीच भरलेली असायची. म्या कदी बघितलं न्हाई. म्हनलं, लावंल निवांत. एक दिस सकाळी बॅगच न्हवती. पोरगी गेली ती गेलीच."

"मग मला विचारायचं ना."

"इचारलं असतं," चंद्राबाई साड्यांच्या घडीवर हात फिरवत म्हणाल्या, "अन् तू व्हय म्हनली असतीस तर?"

"आता विचारा," वैष्णवी म्हणाली.

"जानार हायेस का?"

दाणा दाताखाली धरावा तसा वैष्णवीनं तो प्रश्न धरून ठेवला. "आज नुसता दोराच पडलेला दिसला असता तर उद्या गेले असते," ती म्हणाली. "आता बघते." तिनं बॅगेतून निळी साडी काढली आणि रिकाम्या कप्प्यात ठेवली. एकच. चेन उघडीच ठेवली. फरशीवरचा हिरवा दोरा उचलून खिडकीतून टाकून दिला.

स्वरूपला यातलं काही ठाऊक नाही. तो अजून उंदराचा पिंजरा आणायचं म्हणतोय.

आता मी त्या घरात असा वापरला जातो. सकाळी चंद्राबाई गॅसपाशी असतात. बॅगेकडे जात नाहीत. बसल्या जागेवरून विचारतात, "किती ऱ्हायल्या गं?"

"तीन!" मोरीतून आवाज येतो.

काल "दोन!" आला. चंद्राबाईंनी दुधात चमचा उगाच दोनदा फिरवला.

कित्येक शतकांनी मला माझी पहिली हाक परत मिळाली आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं, कुलपं, टायर, दाणे हवे तितके गुपचूप बघा. माणूस बघायचा असेल तर आधी मोठ्यानं विचारा. तेवढं धैर्य नसेल, तर माझं नाव घेऊ नका.

आणि वैष्णवी उरलेल्या दोन साड्या काढते की नाही, हे मला विचारू नका. मलाही अजून खात्री नाही.