वकीलबाईंसाठी गाव

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. आणि वाटलीच, तर ऐकणाऱ्यानं आपलं डोकं तपासून घ्यावं, सांगणाऱ्याला बोल लावू नये.

एक काटेवाली होती. म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारी. दुकानातल्या तराजूपासून ते भरलेला ट्रक तोलणाऱ्या भुईकाट्यापर्यंत, जे जे म्हणून वजन सांगतं ते ते ती खोलायची, पुसायची आणि पुन्हा खरं बोलायला लावायची. तिचा हात असा, की मुलगा शाळेतून आला की त्याला काखेत धरून नुसतं उचलायची आणि म्हणायची, "शेजारी खाऊन आलास. वर पाणी नाही प्यायलास." एका सोनाराचा काटा तिनं इतका नाजूक करून दिला, की सोनारानं उसासा टाकला तरी पारडं खाली जायचं. बिचाऱ्याला तेव्हापासून हसतमुख राहावं लागलं, आणि त्याचा धंदा वाढला.

तिचा नवरा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. मोठ्या मुलाचं नाव काहीही असो, सगळी गल्ली त्याला भोंगा म्हणायची. आणि धाकटी मुलगी म्हणजे वकीलबाई.

वकीलबाई घरात कुणाला चुकीचं बोलू द्यायच्या नाहीत. बाप सहज म्हणाला, "आज बसला हजार माणसं होती," की तिचे कान लाल व्हायचे. कान लाल झाले की समजावं, कोर्ट भरलं. हजार माणसं बसमध्ये मावत नाहीत, टपावर धरूनही मावत नाहीत, आणि बाबांनी मोजली कधी, ते तर लोंबकळत होते. बापाला माघार घेऊन "बरीच" म्हणावं लागायचं. ऐकीव गोष्टीवर तिचा विश्वासच नव्हता. आईच्या कामाच्या खोलीतल्या मोठ्या काट्यावर ती रोज नाना तऱ्हांनी उभी राहून बघायची: वेणी घालून, वेणी सोडून, श्वास रोखून, भावाशी भांडण झाल्यावर आणि भांडण मिटल्यावर.

पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की कोर्टाला सुट्टी. शाळेत एक शब्द नाही, शेजारी नाही, दुकानात नाही. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, सगळं ठणठणीत. बाहेरचं सगळं तिच्या वतीनं भोंगा बोलायचा. तिला तहान लागलीय, तिला गणित येतं, तिला तुमचा शर्ट आवडला नाही. शेवटी शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, की नव्या वर्षीही ही बोलली नाही तर आम्हांला तिला ठेवून घेता येणार नाही. काटेवाली घरी आली आणि त्या दिवशी तिनं पहिल्यांदा एका काट्याचा स्क्रू उलटा पिळला.

त्याच सुमारास शहरातल्या दुकानांनी जुने काटे मोडीत काढायला सुरुवात केली. नवा काटा बिघडला की कंपनीचा माणूस यायचा आणि काटाच बदलून द्यायचा. दुरुस्तीला कुणी विचारेना. बाकी राज्य म्हणजे सगळी शेतीच. नकाशावर एवढं हिरवं, की गावांचे ठिपके म्हणजे कुणाच्या तरी हातून सांडलेली मोहरी वाटावी. तिथे मात्र धान्य होतं, धान्य होतं म्हणजे काटे होते, आणि तीन गावांहून निरोप आले होते की आमच्याकडे या, जागा देतो.

तिन्हींतलं कुठलं निवडायचं? पेंटर पाणी बघणार होता, शाळा बघणार होता, दवाखाना किती लांब ते बघणार होता. काटेवालीनं मनाशी एकच गोष्ट धरली होती: जिथे हिला तोंड फुटेल, ते आपलं गाव. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. वकीलबाई घरातच होत्या, आणि "फुटेल कशावरून" असं त्यांनी नक्की विचारलं असतं.

निघाले चौघं. बस शेतांतून इतका वेळ जायची, की चढताना पेरलेलं उतरताना कापणीला आलेलं असायचं.

पहिल्या गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. बसायला खुर्च्या, मुलांच्या हातात गोळ्या, आणि जो तो म्हणे की ताई, तुमच्यासारख्या माणसांचीच वाट बघत होतो. पेंटर विरघळला. काटेवाली हसत हसत दुकानांतून फिरली आणि प्रत्येक पारड्याच्या खालून बोट फिरवत गेली. प्रत्येकाखाली काही ना काही चिकटवलेलं होतं. कुठे मेण, कुठे शिशाचा तुकडा. खाटकाच्या पारड्याखाली तर दाढ होती, कुणाची ते तिनं विचारलं नाही. अशा चोरट्या भाराला पासंग म्हणतात, आणि असले पासंग काढण्यात तिची हयात गेली होती, त्याचं तिला काही वाटलं नाही. पण मग ती दवाखान्यात गेली. तान्ह्या बाळांना तोलायचा काटा उचलून बघितला, तर त्याच्याही खाली पासंग. परिचारिका कौतुकानं म्हणाली, आमच्या गावात सगळ्या बाळांचं वजन छान वाढतं, आया खूश होऊन घरी जातात. काटेवालीनं तो पासंग नखानं खरवडून काढला, मुलांच्या हातातल्या गोळ्या परत दिल्या, आणि चौघं पुढच्या बसनं निघाले.

दुसरं गाव मात्र बघत राहावं असं. रस्ते झाडलेले, झाडं पाणी घातलेली, आणि काटे असे, की तिनं आपली पितळी वजनं ठेवली तर काटा मध्यावर येऊन उभा राहायचा, थरथरायचासुद्धा नाही. काटेवालीला भरून आलं. सगळ्या गावात खोटं म्हणून नव्हतं. पारड्यात नव्हतं तसं तोंडातही नव्हतं. पेंटरनं हौसेनं तिथल्या न्हाव्याला पाटी रंगवून देऊ केली, आणि खडूनं 'उत्कृष्ट केशकर्तनालय' असं आखलं. न्हावी म्हणाला, उत्कृष्ट नको, डाव्या कानाजवळ माझी कात्री जरा वर जाते. शेवटी पाटी झाली, 'बऱ्यापैकी केशकर्तनालय'. शेजारी बेकरीवर आधीपासूनच लिहिलेलं होतं, 'पाव. कालचाही आहे.' आणि कापडाच्या दुकानावर ठळक अक्षरांत, 'रंग जातो'.

तिथे रस्त्यात कुणी कुणाला "कसं काय" विचारत नसे, कारण विचारलं की समोरचा खरंच सांगायचा.

हेडमास्तर तर देवमाणूस. त्यांनी वकीलबाईंकडे बघितलं, भोंग्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही बोलली तर नको बोलू दे. इथे तसंही फारसं कुणी बोलत नाही." दोन्ही मुलांच्या जागा त्यांनी राखून ठेवल्या, फक्त उद्या संध्याकाळपर्यंत नक्की काय ते कळवा म्हणाले. पेंटरच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पोरीला बोल बोल म्हणून छळलं नव्हतं. घरही बघून झालं, अंगण असलेलं, खिडक्यांना धड झडपा असलेलं. काटेवालीलाही सगळं पटलं होतं. हो म्हणायचंच बाकी होतं.

संध्याकाळी उतरायच्या खोलीवर चौघं दार लावून बसले. दार लावलं की ते घरच. बापानं लेकीला खुलवायला मुद्दाम सोडून दिलं, "त्या न्हाव्याकडे आज हजार माणसं बसली होती."

वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. कान पांढरेच.

"हजार," बाप पुन्हा म्हणाला.

तिनं मान वळवली, त्याच्याकडे बघितलं आणि जाऊ दे अशा थाटानं पुन्हा फिरवली. काटेवाली ते बघत होती. बाहेरचं कोर्ट बंद होतं ते होतंच, आता आतलंही उठलं होतं. या गावात तिला कुणी बोलायला लावणार नव्हतं हे खरं, पण बोलावंसं वाटायला तिथे काही चुकीचंच नव्हतं. बिछान्यावर पडून काटेवाली नवऱ्याला हे सांगू लागली. तो म्हणाला, "अगं, थकली असेल. उगाच फाटे फोडू नकोस." आणि खरोखर, तिच्याकडे दाखवायला होतं काय? पोरीचे न तापलेले कान?

दुसऱ्या दिवशी परत निघाले. वाटेत बस बदलायची होती ती नेमकी तिसऱ्या गावात. या गावावर पेंटरनं आधीच काट मारली होती, कारण त्याच्या थापांची ख्याती पार शहरापर्यंत पोचलेली. "फक्त बस बदलायची," तो म्हणाला. "पाणीसुद्धा मागू नका. त्यात कालच देवमासा सापडला म्हणून सांगत बसतील."

उतरल्या उतरल्या कंडक्टरनं सांगितलं, की हा रस्ता मुळात सरळ होता, उन्हानं वाकलाय. चहावाली म्हणाली, माझी चूल आजीच्या वेळी पेटवली ती अजून विझलेली नाही, आमच्या घराण्यात काडेपेटी कुणी पाहिलेलीसुद्धा नाही. सांगताना ती काडी ओढून चूल पेटवत होती. काटेवालीनं सवयीनं शेजारच्या दुकानात शिरून पारड्याखालून बोट फिरवलं. खाली काही नव्हतं, धूळसुद्धा नाही. वजनं ठेवून बघितली, काटा मध्यावर. दुकानदारीण म्हणाली, "माझा काटा इतका खरा, ताई, की समोर कुणी सासूची स्तुती केली तर तुटतो."

काटेवालीनं वळून पाहिलं. वकीलबाईंच्या कानाची पाळी गुलाबी झाली होती. फक्त डावी.

ती नवऱ्याला म्हणाली, बस यायला वेळ आहे, भुईकाटा तेवढा बघून येऊ. पेंटर कुरकुरला, पण आला.

भुईकाटा धान्याच्या गोदामासमोर होता, लोखंडी पत्र्याचा, अंगणाएवढा. ट्रक रांगेत उभे, आणि हमाल पोत्यांवर सावलीत बसलेले. त्यांच्या मधोमध स्टुलावर काटा सांभाळणारा म्हातारा. त्याला सगळे आबा म्हणत. काटेवालीनं परवानगी मागून पत्र्यावर आपली वजनं मांडली, काढली, कोपऱ्यांत सरकवून बघितली. एवढा ट्रक तोलणारा काटा, आणि भोंगा त्यावर चढून, खाली उभ्या बापाच्या हातून एकेक शेंगदाणा घेऊन खाऊ लागला, तर शेंगदाण्यागणिक काटा पुढे सरकत होता. इतका निगुतीनं राखलेला काटा तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं आबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "काट्याला खोटं बोलू देत नाही, बाई. ते काम माझं."

हमाल हसले. त्या गावची रीतच होती: थाप अडवायची नाही, हातोहात पुढे द्यायची.

"आता हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही," आबा म्हणाले आणि त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

म्हणे एकदा गावात सर्कस आली. नदीवरचा पूल कच्चा, आणि सर्कशीतला हत्ती त्या पुलाला झेपणारा नव्हता. गाडं अडलं. आबांनी हत्तीला भुईकाट्यावर उभं केलं. वजन भरलं पुलाला नको तेवढं. मग आबांनी त्याच्या कानात सांगितलं, बाबा रे, एक पाय उचल. त्यानं उचलला, आणि काटा पाव हिश्शानं खाली आला.

"मी होतो तिथे," एक हमाल म्हणाला. "डावा उचलला होता."

दुसऱ्यानं सांगितलं, आपल्या वडिलांनी हत्तीचा तोल जाऊ नये म्हणून सोंड धरली होती. काटेवाली कुणाकडेच बघत नव्हती. ती लेकीचे कान बघत होती. दोन्ही आता टोमॅटोसारखे झाले होते.

तेवढ्यात कोपऱ्यावर बस लागली. पेंटर म्हणाला, चल, मी हेडमास्तरांना हो कळवतो, आणि त्यानं फोन काढून नंबर लावला.

"थांब जरा," काटेवाली म्हणाली.

"कशाला? गोष्ट संपेपर्यंत बस थांबणार आहे?"

आबांना बसची पर्वा नव्हती. हत्तीनं दुसरा पाय उचलला. वजन निम्मं. पण पूल तेवढ्यानंही कुरकुरत होता. "तेव्हा गड्यानं तिसराही उचलला," आबा म्हणाले, "आणि बाईसाहेब, एका पायावर, पाव वजनानं, तो हत्ती लंगडी घालत पूल पार करून गेला. पुलाचा एक खिळा निघाला नाही."

हमालांनी माना डोलावल्या. सगळी थाप गावानं न चावता गिळली. वकीलबाईंनी भोंग्याची बाही ओढली. भोंग्यानं तिच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं, आणि काटेवालीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पेंटरच्या कानाला लावलेल्या फोनमधून हेडमास्तरांचा शांत आवाज आला, "बोला."

"खोटं," वकीलबाई आबांना म्हणाल्या, अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल अशा आवाजात. "पाय उचलला तरी वजन तेवढंच राहतं. मी आईच्या काट्यावर लंगडी घालून बघितलंय. काटा हलतो, पण परत तिथेच येतो."