तीन महिन्यांतले अकरा दिवस

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. जतच्या कोरड्या माळावर पाणी पोचवण्यात माझी सोळा वर्षे गेली. मी वस्तीवर शिरलो की बायका घागरी घेऊन धावत येत. तेव्हा मला फार थोर वाटे.

मित्रांनो, माझा चालक आकाराम मनाचा चांगला होता, पण दारू काही त्याच्याने सुटेना. पिऊन मला चालवताना दोनदा पोलिसांनी धरले, दोनदा दंड झाला आणि दोन्ही वेळा तो कोर्टातून थेट गुत्त्यावर गेला. तिसऱ्यांदा न्यायाधीशबाईंनी वेगळाच हुकूम दिला. तुरुंग नको, तीन महिने सांगलीच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहायचे.

अकराव्या दिवशी मालक विश्वजीतराव स्वतः मला चालवत तिथे गेले. आकारामची बायको मनुबाई भाकरी घेऊन आली होती. तिने हात जोडले.

"आवं मालक, त्यास्नी हितंच ऱ्हाऊ द्या. हात थरथरायचं आत्ता कुटं थांबलंय."

"सात वस्त्या तहानलेल्या हायती, मनुबाई. वाटा त्यालाच ठावं. कोर्टाचं मी बघतो."

आकाराम फाटकाचा गज धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, "लोकं पाण्याबिगर कशी ऱ्हातील? जातो की."

आठ दिवस त्याने मला नीट चालवले. नवव्या दुपारी केबिनमध्ये पुन्हा तोच वास आला. वस्तीवर टाकी रिकामी झाल्यावर त्याने मला मागे घेतले. चंद्राबाई नावाची म्हातारी माझ्या सावलीला टेकली होती. लोक ओरडले. त्याला ते उशिरा ऐकू आले.

खाली उतरून तो तिच्या तोंडात पाणी घालू लागला. "पी गं आजे, पी," म्हणत राहिला. ती केव्हाच गेली होती.

मला जप्त करून ठाण्याच्या आवारात लावले होते. आकारामला तिथूनच तुरुंगात नेले. मनुबाईने हवालदारांना विचारले, "तितं दारू सोडवायचं औषद देत्यात का वो?" ते आकारामला घेऊन गाडीत बसले.

पुढे मालकांनी मला सोडवून आणले, नवे ब्रेक घातले, रंग दिला. जयराज नावाचा चालक ठेवला. त्याच्याही तोंडाला वास येतो. मालकांना तो वास माहीत आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची दुरुस्ती सगळेच पुरी करतात. माणसाची तेवढी अर्ध्यावर सोडू नका. मला हे मालकांना सांगता येत नाही. उद्या सकाळी त्याच वस्तीची फेरी आहे.