चंपाकाकींची वेगळी कढई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका घराच्या गच्चीवर मी सध्या पालथी पडून असते. अंगावर गंज चढलाय. पावसाळ्यात पाठीवर गोगलगायी फिरतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, निदान त्या येतात तरी.

म्हसवडच्या एका लोहाराने मला ठोकून घडवलं आणि तिथल्या यात्रेत मानसिंगने मला विकत घेतलं. मानसिंग मूळचा रहिमतपूरचा, सैन्यात स्वयंपाकी होता. ईशान्येकडच्या चौक्यांवर जवानांना जेवू घालता घालता तो तिथल्या लोकांकडून नूडल्स आणि मोमो शिकला. निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याची बायको राजेश्वरीने विश्रामबागेत चायनीजची गाडी टाकली. गाडीवर कोंबडी नव्हती, पण अंडं होतं. आणि त्या अंड्यामुळेच माझा जन्म सार्थकी लागला.

त्याचं असं झालं. चंपाकाकी नावाच्या जैन आजी आणि त्यांची नात ब्राह्मी दर रविवारी स्कूटीवरून उपनगर पालथं घालायच्या. कुपवाड रस्ता, विजयनगर, जिथे जिथे स्वस्त चायनीजची पाटी दिसेल तिथे थांबायच्या. काकी कांदा-लसूण खात नसत, आणि दिवस मावळल्यावर तर पाणीसुद्धा घेत नसत. पण नूडल्सची चव बघायची त्यांना भारी हौस. प्रत्येक गाडीवर त्या एकच विचारत, "कढई वेगळी हाय का?" लोक हसायचे. मानसिंग हसला नाही. "पुढच्या रविवारी या काकी," एवढंच म्हणाला, आणि मला घेऊन आला.

तीन वर्षं मी फक्त काकींची होते. माझा खिळा वेगळा, माझा झारा वेगळा. कोबी, ढबू मिरची, नूडल्स, वरून लिंबू. काकी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हळूहळू खायच्या आणि म्हणायच्या, "मानसिंग, तुझ्या हाताला चव हाय रं." गाडीवरची मोठी कढई दिवसभर राबायची. मी आठवड्यातून एकदाच तापायचे आणि त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू?

मग तो थंडीतला शनिवार आला. मानसिंग लग्नाला गावी गेला होता. गाडीवर ही गर्दी, आणि नेमका मोठ्या कढईचा कान तुटला. समोर आठ जण ताटकळलेले. राजेश्वरीने मला खिळ्यावरून काढलं आणि माझ्यात अंड्याचा भात परतला. नंतर तिने मला तीनदा घासलं. घासताना ती रडत होती.

रविवारी मानसिंग गावाहून नुकताच परतला होता, तोवर काकी पाचच्या आधीच आल्या. दुसऱ्या दिवशी त्या बेंगळुरूला मुलाकडे कायमच्या जाणार होत्या. "आज पोटभर घाल. परत कवा येणं हुतंय?" त्या म्हणाल्या.

राजेश्वरीने मानसिंगला गाडीमागे नेऊन सगळं सांगितलं. "आवं, काकींना सांगूया. त्या समजून घेतील."

"गप. आता सांगितलं तर तीन वर्षं आसंच खाल्लं आसंल, हे त्यांच्या मनाला लागंल," मानसिंग म्हणाला. "मी नवी कढई आणतो."

काकींना "आलोच" म्हणून तो गणपती पेठेत गेला. नवी कढई आली, पण नवं लोखंड तापवून, तेल पाजून मुरवावं लागतं हे तो घाईत विसरला. पहिला घाणा काळा पडला. दुसरा तळाला चिकटला. असलं ताट काकींपुढे ठेवायला त्याचा हात धजेना. मी बाजूला, मुरलेली, गुळगुळीत, आणि कामाला नालायक. मला फार रडू आलं, पण कढई रडणार कशी?

काकी सूर्याकडे बघत बसल्या होत्या. अखेर त्या उठल्या. "दिवस बुडाला रं. ऱ्हाऊ दे." त्यांनी मानसिंगकडे एकदा पाहिलं. तो मान खाली घालून उभा राहिला. पण त्याने तेव्हाही सांगितलं नाही.

पुढच्या श्रावणात ब्राह्मी एकटी आली. आजी बेंगळुरूला वारल्या, असं तिने सांगितलं. राजेश्वरीला राहवलं नाही, तिने त्या दिवशीचं सगळं बोलून टाकलं.

"काकू, आजी शेवटपर्यंत विचारायची," ती म्हणाली. "'मानसिंगशी वागताना माझं काय चुकलं, मला तसंच का बसवून ठेवलं त्यानं?'"

मानसिंगच्या हातातला झारा खाली पडला. त्या दिवशी त्याने गाडी लवकर बंद केली. मला गच्चीवर आणून ठेवलं ते तेव्हाच. मला बघितलं की त्याच्याने काम होत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून पुन्हा चुलीवर चढवा, असं मी म्हणणार नाही. गंज दोन दिवसांत निघतो, त्याचं एवढं काही नाही. पण तुमच्यावर विसंबून कुणी जेवायला बसलं असेल, आणि तुमच्या हातून चूक झाली असेल, तर ते माणूस उठून जायच्या आत सांगा. काकी रागावल्या असत्या, कदाचित उपवासही धरला असता. पण आपलंच काहीतरी चुकलं, असं मनात घेऊन त्या गेल्या नसत्या.