उद्घाटनाची वाट पाहणारं कुलूप

मी कुलूप बोलतोय. दचकू नका. कुलपानं तोंड उघडायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण हल्ली माझं तोंड मिटतच नाही, त्याला मी तरी काय करू? मी असा कसा बिघडलो ते सांगतो. मग माझी कीव करायची की हेवा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म अलिगढचा. अंगानं दणकट, पितळी, पोटात चांगले भक्कम खटके. मालवणच्या बाजारपेठेत एका दुकानात टांगलेला होतो तेव्हा वाटायचं, आपण एखाद्या सोनाराच्या तिजोरीला लागू, निदान काजूच्या वखारीला तरी. नशीब बघा, मी लागलो शिक्षणाला.

जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. ज्याला त्याला काहीतरी नवीन सुरू करायची घाई झाली होती. किनाऱ्यावरच्या आमच्या एवढ्याशा कॉलेजनंही विद्यार्थ्यांचं कल्याण करायचं मनावर घेतलं. कल्याण समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रा. पेडणेकर, इतिहासाचे. लांबून येणाऱ्या मुलींची राहायची सोय व्हावी म्हणून मागच्या पडवीला लागून एक खोली बांधली. लोखंडी खाटा आल्या, नव्या गाद्या आल्या, माठ आला, ट्यूबलाइट लागली. दारावर पाटी चढली: 'विद्यार्थिनी निवास व कल्याण कक्ष'. आणि सगळं असं छान तयार झाल्यावर, त्या कल्याणाला कुणाचा हात लागू नये म्हणून दारावर मला लावलं.

कारण उद्घाटन व्हायचं होतं.

उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. साहेबांना पावसात रस्ते खराब म्हणून जमेना. मग गणपती आले. गणपतीत आमच्याकडे कोण कुणाचं उद्घाटन करतो? मग भातकापणी, मग जत्रांचे दिवस, मग निवडणूक, मग पुन्हा पाऊस. प्रत्येक वेळी पेडणेकर सर माझ्यासमोर उभे राहून म्हणायचे, "आता झालंच म्हणून समजा." मी समजत होतो. आत उंदीरही समजून-उमजून नव्या गाद्या कुरतडत होते. कॉलेजच्या वार्षिक अहवालात मात्र आमची खोली पहिल्या वर्षापासून 'उत्तम रीतीनं कार्यरत' होती. कार्यरत होतो तो मी एकटा. दिवसरात्र, सुट्टीशिवाय.

समितीच्या बैठका पडवीत, माझ्या अगदी नाकासमोर व्हायच्या. चहा आणि गरम भजी. चर्चेचा विषय विद्यार्थी कल्याण. विद्यार्थ्यांना बोलावत नसत, त्यांचे तास बुडू नयेत म्हणून. एवढी काळजी होती त्यांची!

आता कावेरीचं सांगतो. कावेरी दुसऱ्या वर्षाला होती. घाटाच्या पायथ्याचं तिचं गाव. पहाटे निघायचं, व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल, ओलांडायचा, मिळेल ती एसटी धरायची, कसालला गाडी बदलायची आणि धापा टाकत कॉलेजात पोचायचं. पावसाळ्यात ती भिजूनच यायची. मग माझ्या खालच्या पायरीवर बसून केस पिळायची, डबा खायची आणि पुस्तक उघडायची. बंद दाराला टेकून. आत कोरड्या खाटा, बाहेर ओली मुलगी आणि मधे मी. मला लाज वाटायची. कुलपाला लाज वाटून उपयोग नसतो, पण वाटायची.

त्या वर्षी श्रावणात पावसानं नुसता धिंगाणा घातला. साकव पाण्याखाली गेला, तो कितीतरी दिवस वर आलाच नाही. कावेरी दिसेना. आणि मग एके दिवशी फलकावर कमी हजेरीवाल्यांची नावं लागली. त्यांत कावेरी होती. हजेरी भरून काढली नाही तर टर्म मंजूर होणार नव्हती, म्हणजे परीक्षेला बसता येणार नव्हतं.

पाणी थोडं ओसरल्यावर ती आली, सोबत तिचे वडील, दाजी. कुडता, धोतर, काखेत छत्री. पडवीत पेडणेकर सर भेटले तसे दाजींनी हात जोडले.

"सर, ह्या चेडवाची हजेरी कमी पडली म्हणतत. पण व्हाळाक पाणी आसताना ता येतला कसा? ह्या वर्षाची टर्म गेली तर पुढे शिकवूचंय नाय. तिची आवस आधीच कावली हा. स्थळ इलेला आसा."

आईचा आणि स्थळाचा विषय निघाला तशी कावेरी माझ्याकडे बघायला लागली.

"दाजी, मला सगळं कळतं हो," सर म्हणाले. सरांना सगळं कळायचंच. "ही खोली तुमच्या मुलीसारख्या मुलींसाठीच तर बांधली आहे."

"मग उघडा नी! आजपासून रवात ती हय."

"तसं कसं? उद्घाटन झालेलं नाही ना! एकदा उद्घाटन झालं, नारळ फुटला, की दुसऱ्या मिनिटाला उघडतो."

"नारळ फुटाक होयो?" दाजींनी विचारलं.

"हो, म्हणजे तसंच."

दाजींनी क्षणभर विचार केला. मग छत्री कावेरीच्या हातात दिली आणि पावसातच बाजाराच्या दिशेनं निघून गेले. सरांना वाटलं, पाहुणा कटला. सर वर्गावर गेले.

मधल्या सुट्टीत सगळी पोरं पडवीत गोळा झालेली असताना दाजी परत आले. हातात सोललेला, शेंडीवाला नारळ. त्यांनी तो माझ्या खालच्या पायरीवर ठेवला, टोपी सारखी केली, हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. इथल्या माणसाला तुम्ही पदवी द्या, इंग्रजी शिकवा, बूट घाला; पण कानावर गाऱ्हाणं पडलं की तो गप्प राहू शकत नाही. अख्ख्या पडवीनं एका आवाजात उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!"

"आज ह्या कालेजीच्या दारात गरीबान नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या चेडवाक शिकाची आस आसा. व्हाळ तिच्या आड येता, ह्या दार तिच्या आड येता. व्हाळ तुझो आसा, तेका मी काय बोलूचंय नाय. पण दार माणसांनी घातलेला आसा. ता उघडूची बुद्धी ह्या शिकलेल्या माणसांका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज ऐकून शिक्षकांच्या खोलीतून प्राध्यापक बाहेर आले. पेडणेकर सरही आले, आणि काय चाललंय ते नीट कळायच्या आतच त्यांचे हात जोडले गेले.

"आणि कोण मधी आडकाठी करीत आसात, तर तेका वाटेर हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज पेडणेकर सरांचा होता. आणि ऑफिसच्या खिडकीतून, सही करता करता, प्राचार्यांचाही.

नारळ पायरीवर फुटला. खोबऱ्याची शिरणी प्रसाद म्हणून वाटली गेली. शिपाई गंगारामानं ऑफिसात नेऊन दिली, प्राचार्यांनी ती कपाळाला लावून तोंडात टाकली, आणि चावता चावता त्यांच्या लक्षात आलं की आपण हे काय करून बसलो.

ते बाहेर आले. एरवी ऑफिसात ते छापील मराठी बोलायचे, घामही पुसायचे तो नियमानुसार. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता.

"पेडणेकर, देवाक सांगून झाला, शिरणी खाल्ली. आता दार उघडूक नाय तर आमचा काय खरा नाय. चावी खंय आसा?"

"सर, चावी तुमच्याकडे."

"माझ्याकडे कित्याक आसतली? अध्यक्ष तुम्ही!"

चावी कुणाकडेच नव्हती. कल्याणाची एवढी जपणूक केली होती की ते उघडायचं साधनच हरवलं होतं. आणि चावी सापडली असती तरी मी काही तिला दाद देणार नव्हतो. खाऱ्या वाऱ्यानं माझे खटके कधीच गंजून बसले होते. शेवटी गंगारामानं हातोडा आणला.

पहिला घाव बसला तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याला माझा आकडा वाकला. तिसऱ्याला मी पायरीवर पडलो, नारळाच्या पाण्यात. दार उघडलं. आतून उंदरांचा वास आला आणि कावेरी नाक दाबून हसली. तिला मी हसताना पहिल्यांदाच बघितलं. मला इतका आनंद झाला की दुखणं विसरलो.

ती त्याच दिवसापासून राहिली. मागोमाग रेडीची विमला आली, मग आणखी दोघी. गाद्या उन्हात टाकल्या, भोकं शिवली. सकाळी स्टोव्हवर पेज शिजायची. कावेरीची हजेरी भरली, टर्म मंजूर झाली, आलेलं स्थळ आल्या वाटेनं परत गेलं. मला तिनं खिडकीत ठेवलं, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून. अलिगढमध्ये कुणी असलं काम करत नाही, पण मला आवडलं.

आणि एप्रिलात साहेबांना अचानक सवड झाली. एप्रिलात इकडे यायला सगळ्यांनाच सवड होते. आंब्याच्या पेट्या त्याच सुमारास भरतात. समितीची पुन्हा बैठक झाली, भजी झाली. उद्घाटन न झालेल्या खोलीत माणसं राहतात हे साहेबांना दिसता कामा नये, असं ठरलं. नवं कुलूप आणलं गेलं, साहेबांच्या हस्ते उघडायला. मुलींना निरोप आला की एक दिवस सामानासकट घरी जा. नेमका वार्षिक परीक्षेचा आठवडा. बाकीच्या तिघी जवळपास कुणाकुणाकडे गेल्या. कावेरी गावी गेली असती तर दुसऱ्या दिवशीच्या पेपराला पोचली नसती. वर्षभराची सगळी यातायात त्या एका उद्घाटनापायी पाण्यात जायची.

सकाळी गंगाराम नवं कुलूप घेऊन आला. कावेरीनं त्याच्याकडे बघितलं, त्या चकचकीत कुलपाकडे बघितलं, आत गेली आणि दाराला आतून कडी घातली. आतल्या कडीपुढे कुठल्या कुलपाचं काय चालणार? माझा जातभाई बाहेर गंगारामाच्या हातात लोंबकळत राहिला.

साहेब आले. हार झाले. फीत दारावर ताणून बांधली होती. पेडणेकर सर दाराला तोंड लावून कुजबुजले, "कावेरी, दार उघड ना गो! साहेब इलेत."

"सर, उद्या माझा पेपर आहे," आतून अगदी शांत, शुद्ध मराठीत उत्तर आलं. "फीत बाहेरच कापून घ्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे देवबागला जायचं होतं, तिथंही काहीतरी उघडायचं होतं. त्यांनी फीत कापली आणि बंद दाराकडे हात करून भाषण केलं की आज आपण मुलींना शिक्षणाचं दार उघडून देत आहोत. बाहेर टाळ्या वाजल्या. आत कावेरीनं माझ्याखालचा कागद ओढून घेतला आणि पाठ करायला लागली.

ती पास झाली, पुढे पदवीही घेतली. दारावर आता संगमरवरी पाटी आहे, साहेबांच्या नावाची. नवं कुलूप समितीच्या कपाटाला लावलंय. आत फीत कापलेली ती कात्री जपून ठेवली आहे. मी अजून खिडकीत आहे, तोंड उघडं टाकून.

एकच विनंती. मला दुरुस्त करायची हुक्की कुणाला आलीच, तर कृपा करा आणि करू नका. कावेरीच्या खाटेवर यंदा एक नवी मुलगी आली आहे. गादी टोचते, माठ गळतो, खिडकी लहान आहे, अशी दिवसभर कुरकुर करते. हे दार पहिल्यापासून उघडंच होतं, असं तिला वाटतं. वाटू द्या. तिला कुणी काही सांगू नका.